छोट्या शहराचे हवामान-धोरण आणि एकट्या माणसाचे वजन : एक संवाद

साशंक : लहान शहराच्या हवामानविषयक धोरणावर एखादी व्यक्ती प्रभाव टाकू शकते, हे विधान दिलासा देणारे असले तरी ते स्वीकारण्यापूर्वी, असे धोरण नगरपरिषदेच्या हाती असते तरी का, हे आधी पाहावे लागते. महाराष्ट्रातील नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमानुसार चालतात आणि लोकसंख्येनुसार त्यांचे अ, ब, क असे वर्ग केलेले आहेत. यांपैकी ब आणि क वर्गांत, म्हणजे एक लाखाच्या आतील शहरांत, हवामान या विषयाचा अधिकारी शोधूनही सापडणे कठीण. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले, त्यांत नगररचना, पाणीपुरवठा, घनकचरा, नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण हेही आले, परंतु त्यांतले काय आणि किती सोपवायचे हे राज्याच्या विधिमंडळावर ठेवले. पैशाचेही तेच. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना २०२१ ते २०२६ या काळासाठी जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के ‘बंधित’ होते. म्हणजे ते पिण्याचे पाणी, स्वच्छता आणि घनकचरा यांवरच खर्च करता येत होते. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतंत्र हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. तेवढी यंत्रणा, तेवढे तज्ज्ञ आणि तेवढा निधी छोट्या शहराकडे कुठून येणार? ज्या संस्थेला स्वतःचे धोरण नाही, तिच्या धोरणावर प्रभाव टाकल्याचे श्रेय व्यक्तीला देणे म्हणजे तिच्या तळमळीची किंमत वाढवून सांगणे होय.

आग्रही : ‘हवामान’ असे शीर्षक असलेला दस्तऐवज म्हणजेच हवामान-धोरण, असे मानले तर हा आक्षेप बिनतोड ठरतो, पण धोरणाची वस्ती शीर्षकात नसते. हवामान-धोरणाची दोन अंगे असतात : उष्णता वाढवणारे वायू कमी सोडणे, ज्याला उपशमन म्हणतात, आणि जो बदल आता टळणार नाही त्याला तोंड देण्याजोगी वस्ती घडवणे, ज्याला अनुकूलन म्हणतात. छोट्या शहरात पहिल्या अंगाचा मोठा वाटा पाणीपुरवठ्याचे पंप, पथदिवे आणि कचरा डेपो यांत असतो, तर दुसऱ्या अंगाचा वाटा नाल्याची रुंदी, झाडांची सावली, विहिरी आणि तळी यांची निगा आणि नदीकाठी दिलेली बांधकाम परवानगी यांत असतो. यांपैकी बहुतेक निर्णय नगरपरिषदेच्या कार्यालयातच होतात किंवा तिथून पुढे पाठवले जातात. आपण ज्या बंधित निधीचा दाखला दिला, तो तर नेमका पाणी आणि कचरा यांच्यासाठीच होता. त्याच पैशातून कचरा वाहून डेपोवर टाकणाऱ्या गाड्या घ्यायच्या की ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया उभी करायची, हे ठरवणारी माणसे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. ढिगात हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो, हे लक्षात घेतले तर गाडी की प्रक्रिया हा प्रश्न निव्वळ सफाईचा राहत नाही.

सुमारे १२ हजार वस्तीच्या वेंगुर्ल्याचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. २०१५ नंतरच्या काही वर्षांत मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने घराघरांतून कचऱ्याचे बारकाईने वर्गीकरण सुरू झाले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत होऊ लागले, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात गेले आणि दुर्गंधीच्या डेपोची जागा लोकांनी पाहायला यावे अशी झाली. कायदा तोच, वर्ग तोच, निधीचे मार्ग तेच; बदलला तो त्या खुर्चीवरचा माणूस. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन किंग्डन यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. समस्या, उपाय आणि राजकारण हे तीन प्रवाह बहुधा आपापल्या गतीने वाहत असतात, ते क्वचित एकत्र येतात, आणि त्या क्षणी त्यांची सांधणी करणारी व्यक्ती, जिला धोरणप्रवर्तक म्हणता येईल, ती निर्णायक ठरते. महानगरात अशा व्यक्तीला शेकडो दारे ठोठावावी लागतात. बारा हजारांच्या गावात ती दारे मोजकी असतात आणि बहुतेक एकाच रस्त्यावर असतात.

साशंक : वेंगुर्ल्यात झालेले काम थोर आहे, पण आपल्या सिद्धान्ताला ते आधार देते की धक्का, हे पाहिले पाहिजे. मुख्याधिकारी हा शासनाने नेमलेला, शासन बदली करील तिकडे जाणारा अधिकारी. त्याच्या हातातली ताकद त्याच्या व्यक्तित्वाची जेवढी, तेवढीच त्याच्या पदाचीही असते. कोकरे पुढे कर्जतला गेले आणि तेथेही त्यांनी हेच काम उभे केले, यावरून व्यक्तीचे महत्त्व दिसते खरे. पण राज्यातल्या उरलेल्या नगरपरिषदांनी अशाच एखाद्या अधिकाऱ्याची बदली आपल्याकडे होण्याची वाट पाहायची का? शिवाय यशस्वी झालेल्यांचीच नावे आपल्यापर्यंत पोहोचतात. तितकीच तळमळ असलेले आणि वर्षभरात बदली होऊन गेलेले अधिकारी, पदरमोड करून रोपे लावणारे आणि त्याच रोपांवरून रस्ता रुंद झालेला पाहणारे शिक्षक, यांची नोंद कुठेच राहत नाही. त्यामुळे व्यक्तीचा प्रभाव मोजताना आपण फक्त जिंकलेले डाव मोजत असतो.

दुसरी गोष्ट अशी की, व्यक्तीच्या उत्साहाला वरून जे वळण लावले जाते, तेही तपासले पाहिजे. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले, त्यात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांनुसार नगरपरिषदांच्या कामाला गुण ठरले आणि क्रमांकाप्रमाणे बक्षिसे मिळू लागली. अभियानाने अनेक शहरांना हा विषय प्रथमच कामाचा भाग म्हणून दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लावलेली झाडे आणि घेतलेल्या हरित शपथा मोजणे सोपे, तर तीन उन्हाळ्यांनंतर जगलेली झाडे आणि नाकारलेल्या बांधकाम परवानग्या मोजणे अवघड असते. मग उत्साही नागरिकाची शक्ती जे मोजता येते तिकडे वळते. त्यातच बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. नगरसेवकच नव्हते, तेव्हा नागरिकाने नेमके कोणाचे मन वळवायचे होते?

आग्रही : बदलीचा मुद्दा खोडून काढता येणार नाही, उलट तो आणखी काटेकोरपणे मांडता येतो. व्यक्तीचा प्रभाव दोन प्रकारचा असतो : एक, ती जागेवर आहे तोवर टिकणारा, आणि दुसरा, ती गेल्यावरही पुढच्याला बांधून ठेवणारा. पहिला प्रकार डोळ्यांत भरतो, पण धोरण म्हणावे असा दुसराच. सर्वसाधारण सभेचा ठराव, घनकचऱ्याचे उपविधी (म्हणजे नगरपरिषदेने स्वतः केलेले नियम), अंदाजपत्रकातील स्वतंत्र लेखाशीर्ष, निविदेतील अट आणि विकास आराखड्यातील आरक्षण, या पाच ठिकाणी जे लिहिले जाते ते बदलीच्या आदेशाने पुसले जात नाही. म्हणून एखाद्या माणसाने हजार रोपे लावण्यापेक्षा ठेकेदाराला तीन वर्षे रोपे जगवून दाखवल्याशिवाय पूर्ण देयक मिळणार नाही अशी एक अट निविदेत घालून घेतली, तर त्याचा प्रभाव अधिक खोल म्हटला पाहिजे. आपण ज्यांची नोंद राहत नाही म्हणून खंत व्यक्त केली, त्यांतल्या पुष्कळांची शक्ती श्रमात खर्ची पडली आणि कागदापर्यंत पोहोचली नाही, हे दुःखद आहे, पण त्यातून शिकता येते.

आणि नागरिकाला कागदापर्यंत जाण्याची वाट अगदीच बंद नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे पुढल्या सुमारे वीस वर्षांत कोणत्या जमिनीवर काय होणार याचा नकाशा, प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत कोणालाही हरकती व सूचना देता येतात आणि त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नागरी क्षेत्रातील वृक्षांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्याखाली वृक्षगणना करावी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. गणनेची यादी माहितीच्या अधिकारात मागून ती रस्तारुंदीकरणाच्या नकाशाशेजारी ठेवणे हे एकट्या माणसाला जमण्यासारखे काम आहे. प्रशासकाच्या काळातही आराखडे आणि निविदा थांबल्या नव्हत्या.

साशंक : वाट आहे, तिच्यावरून कोण चालते आणि कोणत्या दिशेने, हे पाहायला चिपळूणला जावे लागेल. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या पुराने सुमारे ५५ हजार वस्तीचे हे शहर बुडाले, बाजारपेठ उद्ध्वस्त झाली, आणि २००५ च्या जुलैतील पुराच्या आठवणी ताज्या असणाऱ्यांनाही हा पूर त्याहून भयंकर वाटला. त्यानंतर नागरिक आणि व्यापारी यांनी उभ्या केलेल्या चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण केले आणि नदीतला गाळ काढण्याचे काम शासनाला मोठ्या प्रमाणावर हाती घ्यावे लागले. सामान्य माणसांनी राज्याच्या यंत्रणेला हलवले, याचे याहून ठळक उदाहरण देता येणार नाही. परंतु त्याच आंदोलनाचा दुसरा रोख पूररेषांविरुद्ध होता. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, तिच्या आत बांधकामाला मनाई; लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, आणि दोन्हींमधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी. शहराचा मोठा भाग या रेषांत गेल्याने घरे, दुकाने आणि पुनर्बांधणी अडकणार, म्हणून त्या रद्द व्हाव्यात किंवा बदलाव्यात अशी मागणी झाली.

आता हवामानाच्या कसोटीवर या दोन मागण्या तोलून पाहाव्यात. गाळ काढल्याने नदीची वहनक्षमता काही काळ वाढते, पण डोंगरावरची माती धुऊन येणे थांबत नाही, भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येतेच, आणि कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीमार्गे याच वाशिष्ठीत उतरते. म्हणजे जी मागणी मान्य झाली ती दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागणारी, आणि जिला विरोध झाला ती रेषा मात्र उद्याच्या घरांना पुराबाहेर ठेवणारी. ‘२५ वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता, आणि विकास आराखड्याच्या २० वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के. पावसाचा स्वभाव बदलत असेल तर हा हिशेबही अपुरा ठरणार. म्हणून व्यक्तींचा प्रभाव असतो हे मान्य केले, तरी तो हवामानाच्या बाजूने असतो हे गृहीत धरता येत नाही. छोट्या शहरात थोडी दारे ठोठावून काम होते, असे आपण म्हणालात. भूखंडधारकालाही ती तितकीच जवळ असतात आणि त्याच्याकडे ठोठावण्याचे कारण अधिक निकडीचे असते.

आग्रही : हा आजवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तरीही चिपळूणकरांच्या विरोधाला केवळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठच्या पेठेत आहेत आणि ज्यांच्या घरावर कर्ज आहे, त्यांना नकाशावर एक रेषा दाखवली गेली. त्या रेषेबरोबर पर्यायी जागा, विम्याचा हप्ता परवडेल अशी व्यवस्था, तळमजला मोकळा ठेवून वर राहण्यासाठी वाढीव बांधकामाची मुभा किंवा टप्प्याटप्प्याने स्थलांतराचा कार्यक्रम यांपैकी काहीच दाखवले गेले नाही, तर विरोध होणारच. धोरण म्हणून आलेली गोष्ट जर फक्त मनाई असेल, तर तिच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसाला हवामानाचा शत्रू ठरवून भागत नाही. उलट येथेच तिसऱ्या प्रकारच्या व्यक्तीची उणीव जाणवते, जी रेषा मान्य करते पण तिच्या आत राहणाऱ्यांसाठी वाटाघाट करते. ही रेषा कोणत्या वर्षांच्या पर्जन्यनोंदींवर काढली, २०२१ चे पाणी त्यात धरले आहे काय, असे विचारते, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहते. हा प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही.

व्यक्तीच्या हेतूबद्दलही थोडे अधिक बोलायला हवे. सुमारे चार हजार वस्तीच्या माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून तो परिसर पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढून नेण्याची प्रथा थांबावी, या मागणीचा पाठपुरावा तेथे चालू राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षांना वाट दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. मागणी श्रमिकाच्या प्रतिष्ठेची होती. तिच्यातून धूर न सोडणारी वाहतूक उभी राहत आहे. हवामानाचे नाव न घेता लढलेल्या लढाईतूनही हवामानाचे काम होते, आणि छोट्या शहरांत बहुधा असेच होते. म्हणून प्रभावाची दिशा आधीपासून ठरलेली नसते, हे आपले म्हणणे मान्य करावे लागते. पण ती वळवता येत नाही, असे त्यातून निघत नाही.

साशंक : माथेरानचा निकाल नगरपरिषदेच्या सभागृहात लागला नाही, दिल्लीत लागला, आणि घोडेवाल्यांच्या उपजीविकेचा प्रश्न त्या वाटेवर पुन्हा पुन्हा उभा राहिला, हे बाजूला ठेवले तरी ‘तिसऱ्या प्रकारची व्यक्ती’ कोण होऊ शकते, हे विचारलेच पाहिजे. सकाळी अकराच्या सुनावणीला हजर राहायला वेळ, नकाशा वाचता येण्याइतके शिक्षण आणि मुख्याधिकाऱ्याच्या दालनात खुर्ची मिळण्याइतकी प्रतिष्ठा लागते. निवृत्त प्राध्यापक, वकील आणि व्यापारी यांना ती मिळते. काठावरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पूर येईल तेव्हा सर्वांत आधी बुडणाऱ्या घरकामगार बाईला मिळत नाही, आणि जमीन तिची नसल्याने आराखड्यावर हरकत घ्यावी असे तिला कोणी सुचवतही नाही. खेड्यात निदान ग्रामसभा आहे. राज्यघटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांसाठी. म्हणजे खेड्याहून मोठ्या आणि महानगराहून लहान अशा शहरातला नागरिक कायदेशीर सभेविनाच राहिला. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असूनही ही पोकळी भरून निघालेली नाही. जेथे सभा नसते तेथे ओळख चालते, आणि आपण ज्याला व्यक्तीचा प्रभाव म्हणतो तो कित्येकदा या ओळखीचाच परिणाम असतो. उन्हाळ्यात कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचे हे व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी ठरवतो. राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे शासनाचे धोरण शेवटी अशा तळच्या कर्मचाऱ्याच्या हातून प्रत्यक्षात येते, आणि त्याच्यावरही ओळखीचेच वजन पडते.

आग्रही : पोकळी आहे, हे निर्विवाद. मात्र ती भरण्याचे काम व्यक्ती करू शकत नाही असे म्हणताना एक शक्यता सुटते. हरकती व सूचना या शब्दांत सूचनाही आहेत, पण लोक केवळ हरकती घेतात. आपल्या भूखंडावरचे उद्यानाचे आरक्षण उठावे म्हणून मालक अर्ज करतो, ते आरक्षण राहावे म्हणून कोणी अर्ज करत नाही. त्यामुळे नियोजन समितीपुढच्या फाइलीत एकाच बाजूचा आवाज जमा होतो आणि तो लोकमत म्हणून नोंदला जातो. काठावरच्या खोल्यांतल्या शंभर भाडेकरूंच्या सह्यांनी नाल्याकाठचा मोकळा पट्टा मोकळाच राहावा अशी सूचना दाखल झाली, तर ती फेटाळताना समितीला काहीतरी लिहावे लागेल. त्या सह्या गोळा करणारी व्यक्ती प्रतिष्ठित असण्याची गरज नाही. अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती हे काम अधिक चांगले करू शकेल, कारण तिला ती घरे आतून माहीत असतात.

साशंक : पण तिचे मानधन ज्या यंत्रणेतून येते, तिच्याशी जोडलेल्या कार्यालयाविरुद्ध तिने सह्या गोळा कराव्यात, ही अपेक्षा कोणाच्या जिवावर केली जात आहे, याचाही विचार व्हावा. शिवाय समितीने काय लिहावे? ‘सूचना अमान्य’ एवढे दोन शब्द पुरतात. फेटाळण्याची कारणे तपशिलात द्यावी लागतील, पूरपट्ट्यातील प्रत्येक बदलासोबत पर्जन्यनोंदींचा आधार जोडावा लागेल आणि अंतिम मंजुरी देणाऱ्या राज्य शासनालाही तो बंधनकारक राहील, असा नियम झाला तर एकट्या माणसाच्या सूचनेला वजन येईल. नियम नसेल तर ते वजन ओळखीवरच अवलंबून राहील. म्हणजे प्रश्न पुन्हा संस्थेकडेच जातो.

आग्रही : प्रश्न संस्थेकडे जातो, पण तो नियम मागणार कोण, हे अनुत्तरितच राहते. राज्य शासन आपणहून स्वतःला बांधून घेण्याची उदाहरणे थोडी आहेत. ज्या शहरांनी पुराचे पाणी पाहिले त्यांच्यापैकीच कोणीतरी तशी मागणी प्रथम ठरावात घालील, आणि बहुधा जिल्हाधिकारी तो ठराव स्थगित करील, मग दुसरे एखादे शहर तोच मजकूर पुन्हा घेईल. या क्रमात किती वर्षे जातील, आणि तोवर नदीकाठच्या किती परवानग्या देऊन झालेल्या असतील, याचे उत्तर या बाजूकडे नाही.